पोर्तुगालची १९२८ची एकाच उमेदवाराची निवडणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्याचा इतिहास वाचणारे सगळे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्यापाशी पोचतात. सालाझारला सत्तेच्या दारात आणून उभं करणाऱ्या जनरलपाशी मात्र फार थोडे जातात. तो जनरल ज्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष झाला, तिच्याबद्दल सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे पुढे नेला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही निवडणूक नेमकी कोणती?

२५ मार्च १९२८ रोजी पोर्तुगालमध्ये झालेली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. उमेदवार एकच, जनरल ऑस्कर कार्मोना. अधिकृत निकालानुसार त्यांना ७,६१,७३० मतं मिळाली, म्हणजे १०० टक्के. दुसऱ्या कुणाच्या नावापुढे लिहायला रकानाच नव्हता. १५ एप्रिलला त्यांनी शपथ घेतली आणि १८ एप्रिल १९५१ रोजी मृत्यू येईपर्यंत ते राष्ट्राध्यक्षच राहिले.

२. त्याआधीचा लष्करी उठाव कसा झाला? थोडक्यात सांगा.

२८ मे १९२६ रोजी जनरल गोमिश द कॉस्ता यांनी उत्तरेकडच्या ब्रागा शहरातून सैन्य हलवलं. लिस्बनमध्ये नौदलाचे मेंदिश काबेसादश त्याच कटात होते. सरकारने लढाई दिलीच नाही. ३१ मेला राष्ट्राध्यक्ष बर्नार्दिनु माशादु यांनी सत्ता काबेसादश यांच्या हाती सोपवली.

खरी मारामारी जिंकणाऱ्यांमध्येच झाली. १७ जूनला गोमिश द कॉस्तांनी काबेसादश यांना बाजूला केलं. ९ जुलैला कार्मोना आणि सिनेल द कोर्दिश यांच्या गटाने गोमिश द कॉस्तांना उचललं, अझोर्स बेटांवर पाठवलं आणि वर मार्शल हा हुद्दाही दिला. सहा आठवड्यांत तीन म्होरके झाले. हा क्रम लक्षात ठेवा, पुढच्या उत्तराची किल्ली तोच आहे.

३. सत्ता हातात होतीच, तर मग निवडणुकीचा खटाटोप कशाला?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. त्याचं नेहमीचं उत्तर असतं, ‘जगाला दाखवायला’. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे.

बाहेरच्या जगाचा संबंध पैशापुरता होता. सरकारी तिजोरी रिकामी होती आणि अर्थमंत्री सिनेल द कोर्दिश राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) मध्यस्थीने १ कोटी २० लाख पौंडांचं कर्ज मागत होते. उठावात सत्ता गमावून पॅरिसला पळालेल्या रिपब्लिकन, म्हणजे प्रजासत्ताकवादी, नेत्यांनी नेमकी तिथेच मेख मारली. संसदेच्या मंजुरीशिवाय घेतलेलं कर्ज उद्याचं घटनात्मक सरकार मानणार नाही, असं ते सावकारांना सांगत सुटले. अशा वेळी ‘आमचा अध्यक्ष लोकांनी निवडलेला आहे’ एवढं तरी म्हणता यावं, याला किंमत होती. कर्ज शेवटी मिळालं नाही ते दुसऱ्याच कारणाने. राष्ट्रसंघाला खर्चावर आपली देखरेख हवी होती आणि लिस्बनला तो अपमान वाटला.

उरलेलं अर्धं उत्तर छावणीतलं आहे. कार्मोनांचा अधिकार कशावर टिकला होता? दोन सहकाऱ्यांना पाठोपाठ हटवलं गेलं, यावर. जे त्यांनी गोमिश द कॉस्तांचं केलं ते उद्या दुसरा कर्नल त्यांचं करू शकत होता आणि तसे प्रयत्न झालेही. फेब्रुवारी १९२७ मध्ये आधी पोर्तु आणि मग लिस्बनमध्ये लोकशाहीवादी तुकड्यांनी बंड केलं, रस्त्यांवर तोफा चालल्या. ऑगस्ट १९२७ मध्ये उजव्या बाजूनेही एक फसलेला प्रयत्न झाला. नोव्हेंबर १९२६ पासून कार्मोना ‘हंगामी’ राष्ट्राध्यक्ष होते खरे, पण हंगामी माणसाला हटवायला फारसं काही लागत नाही. साडेसात लाख मतं घेऊन बसलेल्याला हटवायचं तर आपण नेमकं कुणाविरुद्ध उठतोय हे त्या कर्नलला आपल्या शिपायांना सांगावं लागतं. आमच्या मते ही निवडणूक विरोधकांना हरवण्यासाठी नव्हतीच, ते आधीच हरले होते. ती बराकीतल्या बरोबरीच्या अधिकाऱ्यांना गप्प करण्यासाठी होती.

४. आपल्याकडे ‘बिनविरोध’ म्हणजे मतदानच होत नाही. मग तिथे मतं पडली कशी?

घोळ शब्दाचा आहे. भारतात जागेइतकेच उमेदवार उरले तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे निवडणूक अधिकारी थेट निकाल जाहीर करतो आणि मतपेटी बाहेरही येत नाही. १९६३ मध्ये यशवंतराव चव्हाण नाशिकमधून लोकसभेवर गेले ते असेच. राष्ट्रपतिपदासाठी वेगळा कायदा आहे, पण तिथेही हेच. १९७७ मध्ये ३७ जणांनी अर्ज भरले, ३६ बाद झाले आणि नीलम संजीव रेड्डी मतदानाविना राष्ट्रपती झाले.

१९२८ च्या पोर्तुगालमध्ये उमेदवार एक असूनही मतदान घेतलं गेलं, आणि घ्यावंच लागणार होतं. हवा होता तो आकडा, नुसता निकाल नव्हे. मतदान रद्द करून कार्मोनांना विजयी घोषित केलं असतं, तर ते होते तिथेच राहिले असते. म्हणून या पानावर आम्ही ‘बिनविरोध’ हा शब्द जपून वापरतो आणि शक्यतो ‘एकाच उमेदवाराची निवडणूक’ असं म्हणतो.

५. मतपत्रिकेवर ‘नाही’ म्हणायची सोय होती का? नोटासारखं काही?

नव्हती. आणि ‘मतपत्रिका’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं ते तर नव्हतंच.

पोर्तुगालमध्ये त्या काळी, आणि पुढे १९७४ पर्यंत, सरकार सर्व उमेदवारांची नावं असलेली एक मतपत्रिका छापत नसे. प्रत्येक उमेदवार किंवा पक्ष आपल्या नावाच्या पांढऱ्या चिठ्ठ्या स्वतः छापून वाटत असे. मतदाराने हवी ती चिठ्ठी घडी घालून आणायची, यादीत नाव सापडलं की केंद्राध्यक्षाच्या हातात द्यायची आणि अध्यक्षाने ती पेटीत टाकायची. शिक्का नाही, खूण नाही.

याचा परिणाम असा की उमेदवार एक असला की चिठ्ठीही एकच. विरोध करायचा तर कोरा कागद घालायचा, भलतंच नाव लिहायचं किंवा घरी बसायचं. पहिल्या दोन वाटांनी गेलेलं मत बाद होतं आणि वैध मतांच्या टक्केवारीत दिसत नाही, तिसऱ्या वाटेचं तर मतच नसतं. म्हणजे शंभर टक्के हा आकडा मोजणी सुरू होण्याआधीच ठरलेला होता.

६. मत कुणाला होतं? स्त्रियांना होतं का?

१९२८ मध्ये स्त्रियांना नव्हतं. यात एक गंमत आहे. २८ मे १९११ रोजी, म्हणजे उठावाच्या बरोबर पंधरा वर्षं आधी, कारोलिना बियात्रिश आंजेलु या डॉक्टर महिलेने लिस्बनमध्ये मतदान केलं होतं. कायद्यात ‘साक्षर किंवा कुटुंबप्रमुख असलेले पोर्तुगीज नागरिक’ एवढंच लिहिलं होतं, पुरुष असा शब्द नव्हता. त्या विधवा होत्या, कुटुंबप्रमुख होत्या, आणि कोर्टातून त्यांनी हक्क मिळवला. १९१३ मध्ये प्रजासत्ताकाने (राजेशाही जाऊन ते १९१० मध्ये आलं होतं) कायद्यात ‘पुरुष’ हा शब्द घालून ती फट बुजवली.

ती थोडीशी उघडली हुकूमशाहीने. मे १९३१ च्या आदेशाने माध्यमिक किंवा उच्च शिक्षण पूर्ण केलेल्या स्त्रियांना मत मिळालं, तर पुरुषाला नुसतं लिहिता-वाचता येणं पुरत होतं. सालाझारच्या संसदेत १९३५ मध्ये तीन महिला सदस्य बसल्या. त्यावरून ती राजवट पुरोगामी ठरवणारी पत्रं आम्हाला येतात. मतदारांचा घोळका छोटा आणि ओळखीचा असला की त्यात काही सुशिक्षित बायका वाढवल्याने सत्तेला धोका पोचत नाही, एवढंच त्यातून कळतं.

७. विरोधक उभे का राहिले नाहीत?

उभे राहायला ते होते कुठे? संसद जून १९२६ मध्येच बरखास्त झाली होती. त्याच महिन्यात वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला आणि ‘हा अंक सेन्सॉर समितीने तपासला आहे’ अशी ओळ प्रत्येक अंकावर छापावी लागू लागली. फेब्रुवारी १९२७ च्या बंडानंतर पुढाऱ्यांपैकी कुणी तुरुंगात, कुणी आफ्रिकेतल्या वसाहतींत किंवा बेटांवर हद्दपार, तर माजी पंतप्रधान अफोन्सु कोस्तांसारखे पॅरिसमध्ये होते. शिवाय उभं राहणं म्हणजे निवडणूक मान्य करणं, आणि त्यांचा मूळ युक्तिवादच ही सत्ता बेकायदा असल्याचा होता (प्रश्न ९).

८. ७,६१,७३० हा आकडा खरा धरायचा का?

सरकारी आकडा म्हणून उद्धृत करा, लोकमत म्हणून करू नका. असे आकडे वाचताना आम्ही जे बघतो ते सांगतो.

टक्केवारी सरळ सोडून द्या (कारण प्रश्न ५ मध्ये आहे). मग मतांची संख्या लोकसंख्येशी ताडून पाहा. त्या वेळी पोर्तुगालची वस्ती पासष्ट-सत्तर लाखांच्या दरम्यान होती, म्हणजे सुमारे नऊ माणसांमागे एक मत. निम्म्याहून जास्त प्रौढ निरक्षर असलेल्या आणि स्त्रियांना मत नसलेल्या देशात हा आकडा चांगलाच मोठा आहे, एवढं खरं.

त्यानंतर मतदारयादी कोण बनवतं ते विचारा. पोर्तुगालमध्ये गावपातळीवरचे, सरकारने नेमलेले अधिकारी ती बनवत. पुढे सालाझारच्या काळात तर सरकारी नोकरांची नावं खात्यांकडून आपोआप यादीत जात आणि बाकीच्यांना ठराविक मुदतीत खेटे घालावे लागत. ज्याचा पगार सरकारकडून येतो तो यादीत हमखास, आणि केंद्रावर आला की नाही हेही वरिष्ठाला कळणार.

शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे मोजणीच्या टेबलाभोवती कोण बसलंय. दोन उमेदवार असले की त्यांचे प्रतिनिधी एकमेकांवर डोळा ठेवतात. निवडणूक प्रामाणिक राहते ती माणसं सज्जन असतात म्हणून नव्हे, दोघांना एकमेकांचा भरवसा नसतो म्हणून. उमेदवार एकच असला की तो पहारा उठतो. यादीतल्या मेलेल्या माणसाने मत दिलं तरी हरकत घेणार कोण? पेटीत ओंजळभर चिठ्ठ्या कोंबायला पोर्तुगीजमध्ये ‘शापेलादा’ म्हणतात, म्हणजे टोपीभर. हा शब्द हुकूमशाहीतही भरपूर चालला आणि त्याआधी राजेशाहीत, प्रजासत्ताकातही. लबाडीचा मक्ता एकट्या लष्कराकडे नव्हता.

९. ही निवडणूक कायदेशीर होती का?

चालू घटनेप्रमाणे नव्हती. १९११ च्या घटनेनुसार राष्ट्राध्यक्ष जनता निवडत नसे. संसदेची दोन सभागृहं एकत्र बसून गुप्त मतदानाने निवडत, पहिल्या फेऱ्यांत दोन-तृतीयांश बहुमत लागे, मुदत चार वर्षांची आणि लागोपाठ दुसऱ्यांदा बंदी. ती घटना रीतसर रद्द झालेली नव्हती. पण संसदच नसल्यामुळे सरकारने फेब्रुवारी १९२८ मध्ये आदेश काढला आणि थेट मतदानाची पद्धत आणली.

म्हणजे ज्याला निवडायचं होतं त्याच्याच सरकारने निवडण्याची रीत ठरवली आणि महिन्याभरात निवडणूक उरकली. तरी ‘थेट जनतेकडून’ हे कानाला संसदेकडून निवडल्यापेक्षा जास्त लोकशाहीचं वाटतं, आणि चतुराई तिथेच होती.

१०. पोर्तुगालमध्ये असं आधी घडलं होतं का?

हो, दहाच वर्षांपूर्वी. १९२८ ची निवडणूक कळायची असेल तर १९१८ ची माहीत हवी.

५ डिसेंबर १९१७ रोजी मेजर सिदोनियु पाईश यांनी लिस्बनच्या एदुआर्दु सातवे उद्यानाच्या टेकाडावर तोफा लावल्या आणि तीन दिवसांत सरकार पाडलं. गृहस्थ तोफखान्याचे अधिकारी, कोइंब्रा विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक आणि पहिल्या महायुद्धात जर्मनीने युद्ध पुकारेपर्यंत बर्लिनमध्ये पोर्तुगालचे राजदूत. त्यांनी आदेश काढून २१ वर्षांवरच्या सर्व पुरुषांना, निरक्षरांनाही, मत दिलं आणि २८ एप्रिल १९१८ रोजी राष्ट्राध्यक्ष व संसद यांची एकत्र निवडणूक घेतली. तीन मोठ्या रिपब्लिकन पक्षांनी बहिष्कार टाकला. सिदोनियु एकटेच उमेदवार, मतं पाच लाखांच्या आसपास.

तीनच आठवड्यांपूर्वी, ९ एप्रिलला, फ्लँडर्सच्या आघाडीवर लिस नदीकाठी पोर्तुगीज तुकड्यांची वाताहत झाली होती. इतक्या मोठ्या पराभवानंतर कुठलंही सरकार मतपेटीत गोत्यात आलं असतं. समोर कुणी नसल्यामुळे त्याचा हिशेब मतपेटीत झालाच नाही. तो वेगळ्याच जागी झाला. १४ डिसेंबर १९१८ च्या रात्री लिस्बनच्या रोसियू रेल्वे स्टेशनात सिदोनियु पाईश यांना गोळ्या घातल्या गेल्या. दोन दिवसांत संसदेने जुन्या पद्धतीने नवा राष्ट्राध्यक्ष निवडला आणि थेट निवडणूक गुंडाळून ठेवली गेली. १९२८ मध्ये कार्मोनांच्या सरकारने हीच गुंडाळी पुन्हा उलगडली.

जाता जाता, १९१७ मध्ये हटवले गेलेले राष्ट्राध्यक्षही बर्नार्दिनु माशादुच होते. त्याच पदावरून त्याच माणसाला दोनदा लष्कराने घालवलं आणि दोन्ही वेळा त्या जागी पुढे एकट्याने निवडणूक लढवणारा अधिकारी बसला.

११. सालाझार या निवडणुकीत निवडून आला का?

नाही. स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये ही चूक वारंवार दिसते. सालाझार मतदानानंतर महिन्याभराने, २७ एप्रिल १९२८ रोजी, अर्थमंत्री म्हणून नेमला गेला आणि प्रत्येक खात्याच्या खर्चावर आपली सही लागेल ही अट घालूनच आला. ५ जुलै १९३२ ला तो पंतप्रधान झाला. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्याने कधीच लढवली नाही. कार्मोनांच्या मृत्यूनंतर १९५१ मध्ये काही महिने तो कार्यवाहक राष्ट्राध्यक्ष होता, बस.

१२. १९३३ च्या मतदानात गैरहजर राहिलेल्यांचं मत ‘हो’ धरलं, हे खरं का?

खरं आहे. १९ मार्च १९३३ रोजी नव्या घटनेवर सार्वमत झालं आणि यादीत नाव असून जो आला नाही त्याचा मूक होकार धरला जाईल असा नियम आधीच केलेला होता. नकाराची मतं सहा हजारांच्या आसपास, न आलेले चार लाखांहून जास्त. प्रश्न ५ मध्ये सांगितलेली ‘घरी बसायची’ वाट इथे बंद झाली.

१३. कार्मोना पुढेही बिनविरोधच निवडून आले का? १९४९ ची निवडणूक कशात मोडते?

१९३५ आणि १९४२ मध्ये ते पुन्हा एकटेच उमेदवार होते. नव्या घटनेने मुदत सात वर्षांची केली होती.

१९४९ ची गोष्ट नाजूक आहे. त्या वर्षी जनरल नॉर्तों द मातुश उभे होते. वय ८१, पूर्वीचे अंगोलाचे गव्हर्नर, आणि तरुणपणी पोर्तुगीज भारतात जमीन मोजणीचं काम पाहिलेले. सभा झाल्या, सह्या जमल्या, महिनाभर प्रचार चालला. मात्र प्रामाणिक निवडणुकीची हमी मिळत नाही म्हणून १३ फेब्रुवारीच्या मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांनी माघार घेतली. निकालाच्या तक्त्यात १९४९ सुद्धा १९२८ सारखीच दिसते, एक नाव आणि बाकी कोरं. प्रत्यक्षात दोन्हींत फरक आहे. १९२८ मध्ये विरोधकाला रिंगणात यायची सोयच नव्हती. १९४९ मध्ये येऊ दिलं, बोलू दिलं आणि शेवटी पोलिसांना त्याचे समर्थक कोण ते कळलं. आम्ही १९४९ ला ‘लढवलेली, पण मतदानापूर्वी सोडलेली’ असं वेगळं नोंदवतो.

१९५१ च्या पोटनिवडणुकीत आणखी एक चाळणी आली. उमेदवार पात्र आहे की नाही हे राज्य परिषद ठरवू लागली. गणितज्ञ रुय लुईश गोमिश यांचा अर्ज तिथेच बाद झाला, दुसरे विरोधक किंतांव मैरेलिश यांनी मतदानापूर्वी माघार घेतली, आणि उरले ते सरकारचे जनरल क्रावेरु लोपिश.

१४. मग ही पद्धत मोडली कधी?

१९५८ मध्ये एका जनरलने माघार घ्यायला नकार दिला तेव्हा. उंबेर्तु देल्गादु हे हवाई दलाचे अधिकारी. निवडून आलात तर सालाझारचं काय कराल, असं पत्रकाराने विचारल्यावर ‘अर्थातच, त्याला काढून टाकीन’ असं उत्तर देऊन मोकळे झाले. ८ जूनला मतदान झालं. सरकारी मोजणीतही त्यांना सुमारे चतुर्थांश मतं दाखवावी लागली, आणि त्या मोजणीवर त्यांच्या समर्थकांनी कधीच विश्वास ठेवला नाही. चिठ्ठ्या स्वतः छापून वाटायच्या असल्याने (प्रश्न ५) त्या गावोगाव पोचवणं हीच मोठी लढाई होती. विरोधकाच्या चिठ्ठीचा कागद हाताला वेगळा लागतो, मत कळतं, अशी तक्रारही झाली.

सरकारने धडा लगेच घेतला. १९५९ मध्ये घटना बदलून राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच रद्द झाली आणि निवड मर्जीतल्या निर्वाचक मंडळाकडे गेली. १९६५ आणि १९७२ मध्ये सरकारचे अमेरिकु तोमाश तिथे एकटेच उमेदवार होते. देल्गादुंना फेब्रुवारी १९६५ मध्ये स्पेनच्या हद्दीत गुप्त पोलिसांनी ठार मारलं.

१५. पाकिस्तानातलं सार्वमत आणि हे एकच ना?

चुलत भावंडं म्हणा. अयुब खान यांनी १४ फेब्रुवारी १९६० ला सुमारे ८०,००० ‘मूलभूत लोकशाही’ सदस्यांकडून, म्हणजे स्थानिक पातळीवर निवडून आलेल्या प्रतिनिधींकडून, आपल्यावर विश्वास आहे की नाही एवढंच विचारून घेतलं. झिया-उल-हक यांनी १९ डिसेंबर १९८४ ला प्रश्न विचारला तो इस्लामीकरणाबद्दल, आणि ‘हो’ आलं की त्याचा अर्थ आपण पाच वर्षं अध्यक्ष असा लावला. तिथे कागदावर तरी ‘नाही’ ला जागा होती. एकाच उमेदवाराच्या निवडणुकीत तीही नसते. उलट सार्वमतात प्रश्न कसा मांडायचा हे सत्ताधाऱ्याच्या हातात असतं आणि झियांच्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणं म्हणजे धर्मालाच नाही म्हणणं झालं असतं. कुठला सापळा जास्त वाईट, यावर आमच्यातच एकमत नाही.

१६. अशी निवडणूक जिंकली की खुर्ची पक्की होते का?

कार्मोनांची झाली, २३ वर्षं. सिदोनियुंची आठ महिनेही टिकली नाही. सीरियात कर्नल हुस्नी अल-झईम यांनी ३० मार्च १९४९ ला सत्ता घेतली, २५ जूनला एकटेच उमेदवार म्हणून राष्ट्राध्यक्ष झाले आणि १४ ऑगस्टला त्यांच्याच सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. फरक मतांच्या आकड्यात नव्हता. कार्मोनांनी रोजचा कारभार दुसऱ्याकडे जाऊ दिला आणि स्वतः लष्कर व सरकार यांच्यामधल्या कोनाड्यात बसले. सिदोनियु आणि झईम सगळं स्वतःच चालवायला गेले.

१७. या सगळ्याचा गोव्याशी काय संबंध?

थेट आहे. १९१० च्या प्रजासत्ताकाने गोव्यातल्या हिंदूंना कागदावर बरोबरीचे हक्क दिले होते आणि पणजीत मर्यादित का होईना, विधिमंडळ होतं. १९२६ च्या उठावानंतर ते दिवस फिरले. १९२८ मध्ये खुर्चीवर पक्क्या झालेल्या सरकारने जुलै १९३० मध्ये आदेशानेच वसाहत कायदा आणला. तेव्हा वसाहतमंत्रिपदाचा हंगामी कार्यभार सालाझारकडेच होता. वसाहती बाळगणं आणि तिथल्या लोकांना ‘सुसंस्कृत’ करणं हा पोर्तुगीज राष्ट्राचा स्वभावधर्मच आहे, असं त्या कायद्यात लिहिलं होतं. त्याच महिन्यात लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधिमंडळात स्वयंनिर्णयाचा हक्क मांडणारा ठराव आणला. पणजीतली आजची ब्रागांझा संस्था त्यांच्याच नावाने आहे. गोवा काँग्रेस कमिटी त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांनी स्थापन केली तीही १९२८ सालीच.

आणखी एक दुवा सहसा नजरेतून सुटतो. १९५१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले क्रावेरु लोपिश १९३६ ते १९३८ या काळात पोर्तुगीज भारताचे हंगामी गव्हर्नर जनरल होते आणि त्यांच्याआधी त्या पदावर त्यांचे वडील होते.

१८. म्हणजे लष्करी उठावानंतर खरी निवडणूक होतच नाही?

होते, आणि उदाहरण पोर्तुगालचंच आहे. २५ एप्रिल १९७४ ला तरुण कॅप्टनांनी राजवट उलथवली, वर्षभरात निवडणूक घेण्याचा शब्द दिला आणि बरोबर वर्षाने, २५ एप्रिल १९७५ ला, संविधान सभेसाठी मतदान झालं. १८ वर्षांवरचे सर्व स्त्री-पुरुष, साक्षर-निरक्षर. या वेळी मतपत्रिका सरकारने छापली, सगळे पक्ष एकाच कागदावर, वाचता न येणाऱ्यांसाठी चिन्हांसह. ९१ टक्क्यांहून जास्त लोक आले.

त्या प्रचारात काही लष्करी अधिकाऱ्यांनीच सांगायला सुरुवात केली होती की ज्याचं ठरत नाही त्याने कागद कोरा टाकावा. कोऱ्या मतांचा ढीग मोठा झाला असता तर लोकांना पक्ष नकोत, लष्कर हवं, असं म्हणता आलं असतं. कोरी आणि बाद मतं मिळून सात टक्क्यांच्या आसपास निघाली.